जुनी ऑडिओची वस्तू विकताना किंमत उघड लिहावी का?

तुमचा प्रश्न असा आहे: कोल्हापुरातल्या घरात एक जपानी ॲम्प्लिफायर, एक जोडी स्पीकर आणि एक रेकॉर्ड प्लेअर पडून आहे, हौशी मंडळींना विकायचं आहे, आणि मित्र सांगतोय की किंमत लिहू नकोस, 'फोन करा' एवढंच लिही, समोरच्याला आधी बोलू दे.

लिहा. आकडा लिहा, आणि पहिल्या दोन ओळींतच लिहा. मीही कोल्हापूरचाच. शिवाजी उद्यमनगरात पॅटर्न बनवायचं काम करतो आणि चौदा-पंधरा वर्षं या नादात आहे. एवढ्या काळात पंचवीसेक वस्तू घेतल्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त पुढे विकल्या, तेव्हा हे ऐकीव सांगत नाही.

तुमच्या मित्राचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पुन्हा कधी तोंड दिसणार नाही अशा माणसाशी व्यवहार असेल, तर आधी गप्प बसणारा बऱ्याचदा चार पैसे जास्त नेतो. पण आपला बाजार तसला नाही. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, फार तर बेळगाव धरा. नीट गाणं ऐकायचं म्हणून पैसे साठवणारी माणसं या पट्ट्यात मोजकी आहेत आणि ती एकमेकांच्या घरी जाऊन एकमेकांची सिस्टीम ऐकतात. तुम्ही कोणाला काय भाव सांगितला, ते आज ना उद्या बाकीच्यांना कळणारच.

माझ्याच बाबतीत झालं ते सांगतो. २०१५ साली एक जोडी बुकशेल्फ स्पीकर विकायला असल्याचं कळलं. किंमत लिहिलेली नव्हती. फोन केला तर त्या गृहस्थांनी आधी माझीच चौकशी केली: काय करता, सध्या काय वापरता, न्यायला गाडी घेऊन येणार का. मग म्हणाले, २८,०००. मला जड वाटले नाहीत, पैसे देऊन घेऊन आलो. चारेक महिन्यांनी इचलकरंजीचा एक मित्र ऐकायला आला. दोन गाणी झाली आणि तो सहज म्हणाला, "हे मलापण सांगितलेले की, तेवीसला. ठेवायला जागा नव्हती म्हणून सोडले." माझ्या आधी दोनच दिवस.

पाच हजारांचं वाईट आठवडाभर वाटलं असेल. पण नंतर त्या स्पीकरवर काहीही लावलं की सुराच्या आधी तो आकडा आठवायचा. वर्षभरात विकून टाकले. स्पीकर उत्तम होते. त्या गृहस्थांकडून मात्र आमच्यातल्या कोणीही पुढे काही घेतलं नाही. तो माणूस लबाड होता असं मला आजही वाटत नाही. किंमत लिहिलेली नसली की समोरच्याच्या आवाजावरून, गाडीवरून भाव ठरवायचा मोह कोणालाही होतो. लिहिली की तो मोह राहत नाही, तुमच्यासाठीसुद्धा.

लहानपणी आजोबांबरोबर पेठ वडगावच्या जनावरांच्या बाजाराला जायचो. तिथं हेडी लोक, म्हणजे जनावरांचे व्यापारी, टॉवेलाखाली हात घालून बोटं दाबून भाव करायचे. शेजारी उभ्या माणसाला कळायचं नाही की बैल कितीला गेला. विकून परत येताना आजोबा वाटभर एकच घोकत यायचे, की आपण फसलो तर नाही? उलट माझ्या मामांचं गुऱ्हाळ होतं, त्यांचा गूळ शाहू मार्केट यार्डात यायचा. तिथला सौदा उघड. गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, थप्पी समोर, भोवती व्यापारी, भाव मोठ्यानं पुकारला जायचा. मामांना भाव कमी मिळाला तरी का मिळाला ते सगळ्यांसमोर दिसायचं, रंग काळपट आहे, रवा मऊ पडलाय. आणि मागच्या थप्पीजवळ थांबलेल्या शेतकऱ्याला आपल्या मालाचा अंदाज फुकटात यायचा.

जुन्या ऑडिओला असा यार्ड नाही. नव्या ॲम्प्लिफायरचा भाव दुकानदार सांगतो. वीस वर्षं जुन्याचा भाव कळायला एकच आधार असतो, तसाच आधी कोणी कितीला विकला. म्हणून तुम्ही लिहिलेला आकडा तुमच्या एकट्याच्या उपयोगाचा नाही.

आता आकडा लिहायचा म्हणजे तो कुठून आला तेही लिहायचं, गुळाच्या रंगासारखं. तुमच्या तिन्ही वस्तूंचं इस्कटून सांगतो.

ॲम्प्लिफायरची मागची पट्टी बघा. जपानमधल्या गिऱ्हाइकासाठी बनवलेला असेल तर तिथं १०० व्होल्ट लिहिलेलं असेल. आपली लाइन २३० ची. काही जुन्या मॉडेलना मागे व्होल्टेज बदलायचा खटका असतो. नसेल तर स्टेप-डाउन (व्होल्ट उतरवणारा) ट्रान्सफॉर्मर लागतो. तो तुमच्याकडे असेल तर सोबत द्या आणि तसं लिहा. नसेल तर त्याचा खर्च घेणाऱ्यावर पडणार आहे, तेवढी रक्कम आधीच कमी करा. कुरिअरनं गेलेला ॲम्प्लिफायर कोणी सरळ भिंतीच्या प्लगला लावला तर जळेल, म्हणून ही ओळ मोठ्या अक्षरात हवी. मग चालू करून व्हॉल्यूमचं बटण सावकाश फिरवा. खरखर आली तर ती बहुतेक वेळा साफसफाईनं जाते, तरी लिहा. तीस-चाळीस वर्षांचा असेल तर आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे सुटे भाग) कधी बदललेत का तेही लिहा.

रेकॉर्ड प्लेअरमध्ये लोक सुईबद्दल विचारतात आणि मोटरचं विसरतात. पट्ट्यावर चालणारा, एसी सिंक्रोनस मोटरचा प्लेअर अमेरिकेसारख्या ठिकाणाहून आला असेल तर त्याची मोटर ६० हर्ट्झच्या विजेसाठी केलेली असते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. मग मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी तबकडी पावणेअठ्ठावीसच्या आसपास फिरते. गाणं सहाव्या हिश्श्यानं मंद होतं आणि पट्टीही खाली जाते. ट्रान्सफॉर्मरनं हे सुटत नाही, कारण तो व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. पुली बदलावी लागते. सुई साधारण ५०० ते १,००० तास चालते. किती वाजली ते माहीत नसेल तर 'सुई बदलावी लागेल असं धरून किंमत लावली आहे' असं सरळ लिहा. या एका वाक्यानं अर्धी घासाघीस संपते, हा माझा अनुभव.

स्पीकरची जाळी काढा आणि कोनाच्या कडेला जो गोल पट्टा असतो तो बघा. रबराचा असेल तर बहुधा ठीक असतो. फोमचा असेल तर बोटानं हलकेच स्पर्श करा. वर्षानुवर्षांच्या दमट हवेत तो फोम कुजून भुगा होतो, आवाज बरा वाटला तरी. गावात स्पीकर दुरुस्त करणारे हात चांगले आहेत, पण त्यांना सवय मिरवणुकीतल्या मोठ्या स्पीकरची. घरच्या स्पीकरला फोमच्या जागी जाड कापडी कड लावली की आवाज बदलतो. दुरुस्ती केली असेल तर काय लावलं तेवढं लिहा.

कोल्हापुरातल्या वस्तूबद्दल आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी किती घरांत शिरलं ते तुम्हाला सांगायला नको. पाण्यात राहिलेला स्पीकरचा एमडीएफचा (लाकडी भुशाच्या दाबीव फळीचा) खोका वाळला तरी खालून फुगलेला राहतो, आतल्या क्रॉसओव्हरच्या (जाड-बारीक आवाज वेगवेगळ्या कोनांना वाटून देणाऱ्या भागाच्या) तारा गंजतात. पुण्याचा किंवा बंगळुरूचा माणूस हे विचारेल आणि विचारण्याचा त्याला हक्क आहे. वस्तू कोणत्या मजल्यावर होती, पाणी लागलं का, हे त्यानं विचारायच्या आधी तुम्ही लिहा.

मी स्वतः गेल्या वर्षी एक ॲम्प्लिफायर विकला तेव्हा लिहिलेलं जवळजवळ असं होतं:

"किंमत १९,५०० रुपये. २०१६ मध्ये पुण्यात नवा घेतला, बिल आहे, तेव्हा ४१,००० पडले. आता याच दर्जाचे जुने २० ते २२ हजारांत दिसतात. रिमोट हरवलाय आणि हेडफोनचं भोक सैल आहे म्हणून कमी ठेवलेत. पुराचं पाणी लागलेलं नाही. घरी येऊन ऐकू शकता. कुरिअर आणि पॅकिंगचे पैसे वेगळे, पावतीप्रमाणे. पहिल्यांदा 'घेतो' म्हणेल त्याला."

दोन दिवसांत गेला. एकानं १५ म्हणून विचारलं, त्याला लिहिलं की कमी का ठेवलेत ते वर आहेच, आणखी कमी होणार नाही. तोही रागावला नाही.

घेतली त्यापेक्षा जास्त किमतीला विकणं यात गैर काही नाही, जास्त का ते लपवलं नाही म्हणजे झालं. टेक्निक्सनं एसएल-१२०० या मालिकेतले टर्नटेबल २०१० मध्ये बंद केले, आणि २०१६ मध्ये पुन्हा आणले ते बरेच महाग करून. शुअर कंपनीनं २०१८ मध्ये रेकॉर्ड प्लेअरची कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते ती) बनवणंच थांबवलं, त्यामुळे तिच्या न वापरलेल्या अस्सल सुयांना आता वेगळाच भाव आहे. अशी वस्तू तुमच्याकडे निघाली तर बाजारातला आजचा भाव मागा आणि तो का तेही सांगा. तुम्हाला ती कितीला पडली होती ते कोणी विचारलं तर तेही खरं सांगा.

'पहिल्यांदा म्हणेल त्याला' हे मी शिकलो ते स्वतःच्या चुकीतून, म्हणून ते मला फार महत्त्वाचं वाटतं. काही वर्षांपूर्वी एक टर्नटेबल ९,५०० ला काढला. सांगलीचा कॉलेजात शिकणारा एक पोरगा सकाळी म्हणाला, दादा, मी घेतो, शनिवारी एसटीनं येतो. संध्याकाळी पुण्याहून एकानं १२,००० देऊ केले. मी पोराला कळवलं की तो आधीच गेलाय. खोटं बोललो. पुण्याच्या माणसानं वस्तू मिळाल्यावर किती दिले ते आनंदानं सगळीकडे सांगितलं आणि ते त्या पोरापर्यंत पोचलं. त्यानं मला फक्त एवढं लिहिलं: "दादा, बारा मागितले असते तरी मी विचार केला असता." मी फोन करून माफी मागितली. त्यानं ती दिलीही. पण अडीच हजारांसाठी एका नव्या माणसाला या छंदाची अशी ओळख मी करून दिली, हे मला अजून सलतं. तेव्हापासून कोणी हो म्हटलं की मी पाचशे रुपये विसार घेतो, 'बोली झाली' असं लिहितो आणि पुढचा कितीही म्हणाला तरी थांबतो. आठ दिवसांत बाकी पैसे आले नाहीत तर विसार परत करून पुन्हा विक्रीला काढतो.

विकून झाल्यावर बरेच जण आकडा पुसून टाकतात आणि 'विकलं' एवढंच ठेवतात. तसं करू नका. ठरलेली किंमत, मग ती लिहिलेल्यापेक्षा कमी का असेना, तिथंच राहू द्या. पुढच्या महिन्यात गडहिंग्लजला कोणाला वडिलांचा तसलाच ॲम्प्लिफायर विकायचा असेल, तर त्याला तेवढाच आधार आहे.

तुम्ही मॉडेल लिहिलेली नाहीत. तिन्ही वस्तूंच्या मागच्या पट्टीवरचे नंबर, ॲम्प्लिफायरवर लिहिलेले व्होल्ट आणि स्पीकरची कड फोमची की रबराची एवढं याच प्रश्नाखाली टाका. प्रत्येकाला किती मागावेत आणि कितीपर्यंत खाली यावं, ते मी इथंच सगळ्यांसमोर लिहितो.