साइटवरचा पाऊस आणि वाहून जाणारी माती: वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रांमध्ये बांधकामाच्या साइटवर पावसाचं पाणी कसं काढायचं आणि माती कशी थांबवायची यावरचेच प्रश्न जास्त होते, म्हणून सगळी जागा त्यांनाच दिलीय. काही पत्रं लांब होती, ती थोडक्यात घेतलीत.

प्रश्न: सर, आमची साइट उतारावर आहे. अख्खा प्लॉट मोकळा करून लेव्हलिंग चालू केलं. खालच्या हद्दीला सिल्ट फेन्स, म्हणजे ते काळं कापड खुंट्यांना ताणून लावलं होतं, पण पहिल्याच जोरदार सरीत मधोमध आडवं झालं आणि सगळा चिखल रस्त्यावर. आता मालक म्हणतायत कापड काढा, पत्रे लावा, खुंट्या दुप्पट ठोका. पत्रे टिकतील का? – एक साइट इंजिनिअर

उत्तर: पत्रे नका लावू. कापडातून निदान पाणी झिरपतं, पत्र्यातून तेही नाही, म्हणजे पाणी मागे साठत जाणार आणि जिथे फट सापडेल तिथून एकदम सुटणार, आणि सुटलेलं पाणी आधीपेक्षा जास्त माती घेऊन जातं.

आधी एक साधा हिशोब करा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमचा प्लॉट समजा १००० चौरस मीटरचा आहे आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५० हजार लिटर पाणी आलं. त्यातलं अर्धं जमिनीत मुरलं असं धरलं तरी २५ हजार लिटर खाली येणारच, आणि गवत काढून मशिनं फिरवून दाबलेल्या जमिनीत अर्धं मुरेल याची मला तरी खात्री वाटत नाही. शिवाय तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात की वरच्या अंगाला मोकळी टेकडी आहे. तिचं पाणी या हिशोबात अजून धरलेलंच नाही! माझ्या मते तुमचं खरं दुखणं तिथेच आहे.

तर पहिलं काम खाली नाही, वर. वरच्या हद्दीच्या आत उताराला आडवा चर काढा, त्याला एका बाजूला हलका उतार द्या, शंभर मीटरला एक मीटरच्या आसपास पुरे, आणि निघालेली माती चराच्या खालच्या अंगाला टाकून, ठोकून बांध करा. टेकडीचं पाणी स्वच्छ असतं, ते तुमच्या उघड्या मातीवरून जाऊच द्यायचं नाही, साइटला वळसा घालून ते बाहेर काढायचं. मात्र चर जिथे संपतो तिथे डबर, म्हणजे मोठे ओबडधोबड दगड पसरा, नाहीतर पाणी तिथेच खड्डा पाडायला सुरुवात करतं आणि शेजाऱ्याची जमीन खातं. चराचं तोंड शेजाऱ्याच्या आवारात सोडायचं नाही हे वेगळं सांगायला नको.

आता त्या कापडाबद्दल. पाणी अडवणं हे त्याचं काम नाहीच. पाणी त्याच्या मागे थोडा वेळ उभं राहतं, तेवढ्यात माती खाली बसते आणि पाणी हळूहळू झिरपून जातं. म्हणून ते समपातळीत लागलं पाहिजे, ट्यूब लेव्हल, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन. बहुतेक ठिकाणी कापड प्लॉटच्या हद्दीवर सरळ रेषेत लावलेलं दिसतं आणि हद्द काही समपातळीत नसते, मग कापडाच्या कडेकडेनं पाणी सगळ्यात सखल जागी पळतं, सगळं तिथेच गोळा होतं आणि तुमचं मधोमध आडवं झालं तसं होतं. दोन्ही टोकं उताराच्या वर वळवून घ्या म्हणजे पाणी बाजूनं निसटत नाही. खालची कड १५ सेंटिमीटर खोल चरीत घालून माती भरून ठोकायची, नुसती जमिनीवर टेकवली तर पाणी खालून सुटतं. खुंट्या कापडाच्या उताराकडच्या बाजूला हव्यात, पाणी येतं त्या बाजूला नाही. तीस मीटर कापडाच्या वाट्याला साधारण १००० चौरस मीटरपेक्षा जास्त क्षेत्र येऊ देऊ नका, आणि मागे साठलेला गाळ कापडाच्या निम्म्या उंचीला पोचायच्या आत उपसा.

आणि जिथे पाणी आधीच ओघळ धरून वाहतंय तिथे हे कापड लावायचंच नाही, कितीही खुंट्या ठोकल्या तरी. तिथे डबराचे छोटे आडवे बांध घाला. मधला भाग कडांपेक्षा १५ सेंटिमीटर तरी खाली ठेवा, नाहीतर पाणी बाजूची माती कापून बांधाला वळसा घालतं. दोन बांधांत अंतर किती, तर वरच्या बांधाचा पाया आणि खालच्या बांधाचा माथा एका पातळीत यायला हवा, म्हणजे बांध अर्धा मीटर उंच आणि उतार शंभराला चार असेल तर साडेबारा मीटरवर दुसरा बांध.

अजून एक, अख्खा प्लॉट एकदम मोकळा का केला? ज्या भागात काम दोन महिन्यांनी सुरू होणार तिथलं गवत राहू द्यायला हवं होतं, त्या गवताइतकं स्वस्त संरक्षण दुसरं नाही. पुढच्या फेजला तरी हे सांभाळा.

प्रश्न: पायाच्या खड्ड्यात दर पावसानंतर कमरेएवढं पाणी साठतं. आम्ही पंप लावून रस्त्याच्या गटारात सोडतो, पण शेजारचे भांडायला येतात की गटार गाळानं भरलं. पाणी तर काढावंच लागणार ना? – बांधकाम सुपरवायझर

उत्तर: पाणी काढावंच लागणार, पण शेजाऱ्यांचं म्हणणंही शंभर टक्के खरं आहे.

एक काम करा, खड्ड्यातलं पाणी पारदर्शक बाटलीत भरा, चांगलं हलवा आणि ऑफिसच्या खिडकीत ठेवा. वाळू तुमच्या डोळ्यांदेखत खाली बसेल, त्यावर हळूहळू पोयट्याचा, म्हणजे वाळूपेक्षा बारीक मातीचा थर येईल, पण वरचं पाणी दुसऱ्या दिवशीही चहाच्या रंगाचं राहिलं तर समजा मातीत चिकण जास्त आहे. कारण कणाचा व्यास दहापट कमी झाला की बसायचा वेग शंभरपट कमी होतो. एक शतांश मिलिमीटरचा कण एक मीटर खाली यायला तीनेक तास घेतो, आणि एक सहस्रांश मिलिमीटरचा चिकणमातीचा कण तेवढंच अंतर उतरायला बारा-तेरा दिवस, तेही पाणी अगदी स्तब्ध असेल तर. या बाटलीवरून कळतं की तुम्हाला नुसता गाळखड्डा पुरेल की अजून काही करावं लागेल.

आता पंपाचं बघा. तुमचे लोक सक्शन पाइप थेट तळाच्या चिखलात टाकत असणार, सगळीकडे हेच चालतं. त्याऐवजी खड्ड्याच्या एका कोपऱ्यात अजून थोडं खोल करून भोकं पाडलेलं पिंप उभं करा, भोवती खडी भरा आणि पंप त्या पिंपात सोडा. किंवा सक्शनचं तोंड रिकाम्या कॅनला बांधून पाण्यावर तरंगतं ठेवा म्हणजे वरचं निवळलेलं पाणीच ओढलं जाईल. पाऊस थांबल्या थांबल्या पंप सुरू करायची घाई नको, काम अडत नसेल तर काही तास थांबा, निम्मा गाळ तर खड्ड्यातच बसेल.

बाहेर काढलेलं पाणी आधी साइटवरच्या गाळखड्ड्यात सोडायचं. खड्डा लांबट हवा, रुंदीच्या किमान दुप्पट लांब, पाणी एका टोकाला आत आणि दुसऱ्या टोकाला बाहेर. चौकोनी खड्डा करून आत-बाहेरचं तोंड शेजारी शेजारी ठेवलं तर पाणी आत येऊन लगेच निघून जातं आणि खड्डा नावापुरता उरतो. पाइपच्या तोंडाखाली खडी टाका. चिकणमातीचं पाणी निवळतच नसेल तर जिप्सम किंवा तुरटी वापरतात, त्यानं बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात, पण तुरटी जास्त झाली की पाणी आम्लधर्मी होतं, म्हणून आधी बाटलीत थोडी थोडी घालून प्रमाण ठरवा, अंदाजानं गोणी ओतू नका.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट, पण मला या पत्रात सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटली. कमरेएवढं पाणी साठून उपसल्यावर खड्ड्याच्या भिंती भिजलेल्या असतात, आणि आतून आधार देणारं पाणी तुम्ही काढून घेतलेलं असतं. अशा वेळी कड ढासळते. एक घनमीटर ओली माती दोन टनांच्या आसपास भरते, तिच्याखाली सापडलेला माणूस स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही. खोदलेल्या मातीचा ढीग कडेपासून निदान ६० सेंटिमीटर लांब हवा, खोल खड्ड्याला त्याहून जास्त. कडेला समांतर भेग दिसली तर कोणालाही आत उतरू देऊ नका, आधी आधार द्या किंवा कडा तिरक्या कापून घ्या. स्लॅबची तारीख पुढे गेली तरी चालेल.

प्रश्न: मातीच्या ढिगावर प्लास्टिक टाकलं की झालं का? – एक घरमालक

उत्तर: थोड्या दिवसांसाठी हो, पण कडा मातीत दाबून वर गोण्या ठेवा, नाहीतर वारा उचलून नेतो. आणि प्लास्टिकवर पडलेलं सगळं पाणी खाली एकदम येतं हे लक्षात ठेवून ढिगाच्या पायथ्याशी पाणी जायला वाट करा. ढीग महिनोन्महिने राहणार असेल तर त्यावर गवताचं बी टाकणं जास्त चांगलं. ढीग गटाराच्या तोंडाशी किंवा पाणी वाहायच्या वाटेवर करू देऊ नका.

प्रश्न: आमच्या घराचं काम एका ठेकेदाराला दिलंय. माती वाहून जातेय म्हटलं तर म्हणतात, पाऊस आहे, चालायचंच. मला टेक्निकल काही कळत नाही, मी नेमकं काय बघू आणि काय सांगू? – एक वाचक

उत्तर: ताई, कळत नाही असं म्हणू नका, बघायच्या गोष्टी साध्या आहेत. पाऊस चालू असताना छत्री घेऊन एकदा साइटभोवती फिरा, खड्ड्यापासून लांब राहून. पाणी कुठून आत येतंय, कुठून बाहेर पडतंय आणि बाहेर पडताना त्याचा रंग काय आहे एवढंच बघा, मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. कोरड्या दिवशी दहा वेळा जाऊन जे दिसत नाही ते एका सरीत दिसतं.

पाऊस थांबल्यावर जमिनीकडे वाकून बघा. छोटे खडे मातीच्या बारीक खांबांवर उभे असलेले दिसतील, खड्याखालची माती वाचलीय आणि भोवतालची गेलीय. त्या खांबाची उंची म्हणजे तिथून तेवढा थर गेला. जोत्याच्या भिंतीवर चिखलाचे शिंतोडे कुठवर उडालेत तेही बघा. मोठा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगानं उघड्या जमिनीवर आदळतो आणि माती सुटी करतो, वाहतं पाणी नंतर ती उचलून नेतं. म्हणून जमीन झाकलेली असणं सगळ्यात महत्त्वाचं, मग ते गवत असो, पेंढा असो, खडी असो नाहीतर बारदान.

ठेकेदारांना 'पाण्याचं काहीतरी करा' असं मोघम सांगू नका, त्यातून काहीच होत नाही. वरचं पाणी वळवायचा चर, खालचं कापड, गाळखड्डा, गाडी बाहेर पडते तिथे मोठ्या खडीचा पट्टा, या चार गोष्टी कामाच्या यादीत वेगवेगळ्या लिहून घ्या आणि त्यांचे पैसेही वेगळे धरा. फुकटात करा म्हटलं की कोणी मनापासून करत नाही, आणि मला ते चुकीचंही वाटत नाही. खडीचा पट्टा जमेल तर पंधरा मीटर लांब, खाली जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं मजबूत कृत्रिम कापड), म्हणजे टायरचा चिखल तिथेच गळतो. गाळ काढायची आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर सगळं तपासायची जबाबदारी कोणाची, त्या माणसाचं नाव लिहून घ्या.

एखाद्या भागातलं काम थांबलं तर किती दिवस उघडं ठेवायचं, हेही ठरवून घ्या. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या बांधकाम परवान्यात १४ दिवस किंवा जास्त काम थांबणार असेल तर ती जमीन लगेच झाकायच्या कामाला लागा असा नियम आहे. तुमच्याकडे असा नियम असो वा नसो, करारात घालायला काहीच हरकत नाही.

प्रश्न: काँक्रीटचा मिक्सर धुतलेलं पाणी गाळखड्ड्यातच सोडलं तर? – सुपरवायझर

उत्तर: नाही. सिमेंटचं पाणी प्रचंड अल्कधर्मी असतं, पीएच १२ च्या वर जातो, हातांची कातडी जळते आणि ओढ्यात गेलं तर मासे मरतात. त्यासाठी वेगळा खड्डा, आत जाड प्लास्टिक, आणि पावसाचं पाणी आत येणार नाही अशी कड. पाणी वाळून गेलं की घट्ट झालेला थर फोडून राडारोड्यात टाका.

प्रश्न: भरावाच्या उतारावर काथ्याची जाळी घातली, बी टाकलं, तरी जाळीखाली ओघळ पडलेत. जाळी खराब आहे की काय? – लँडस्केपचं काम करणारा

उत्तर: जाळीचा दोष वाटत नाही. जाळी आणि माती यांच्यात पोकळी राहिली की पाणी जाळीखालूनच पळतं, वरून सगळं छान दिसत राहतं. जाळी काढा, ओघळ भरून ठोका, ढेकळं आणि दगड वेचून पृष्ठभाग सारखा करा, पण गुळगुळीत करू नका. चेनवालं मशीन उतारावर खाली-वर चालवलं की पट्ट्यांचे ठसे उताराला आडवे उमटतात, त्या प्रत्येक ठशात थोडं पाणी आणि बी थांबतं. मशीन आडवं चालवलं तर ठसे खाली-वर पडतात आणि तेच ओघळ बनतात, ऑपरेटरला हे आधीच समजावून सांगा. मग बी टाका आणि जाळी वरून खाली सोडा, ताणू नका, मातीला चिकटून बसली पाहिजे. वरचं टोक माथ्यावरच्या चरीत पुरून ठोका, आणि दोन पट्ट्या जोडताना वरची पट्टी खालचीवर चढवा. माथ्यावर पाणी साठून उतारावर सुटत असेल तर माथ्यालाच छोटा बांध घालून ते पाइपनं किंवा दगडी नालीनं पायथ्याशी उतरवा. हे सगळं झाल्यावर पहिल्या दोन-तीन पावसांनंतर जाळी हातानं दाबून बघा, जिथे खाली पोकळ लागेल तिथे उचला, माती भरा आणि खिळे जवळजवळ मारून घ्या.