आराखडा किती, मोकळीक किती?

प्रश्न : मालवणच्या रापणकर (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणाऱ्या) कुटुंबावर कादंबरी लिहितेय. तीस प्रकरणांचा आराखडा केला, पण सहाव्यातच धाकटी सून ठरवलेलं ऐकेनाशी झाली. आराखडा मोडू का? – एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : लगेच मोडू नका आणि तिला गप्पही बसवू नका. तिच्या मनासारखे दोन प्रसंग, हजारेक शब्द, लिहून बघा. मग पुढच्या ठरलेल्या वळणाला पोचायला तिच्यापाशी कारण उरतं का, एवढंच तपासा. उरलं तर फक्त वाट बदला. नाहीच उरलं, तर शेवट नव्याने ठरवा. सुनेला ओढून जुन्या शेवटाला नेऊ नका, वाचकाला ती ओढाताण दिसते.

तीस प्रकरणं आधीच बांधणं जरा जास्तच झालं. पाच-सहा वळणं पुरेत. प्रत्येकापुढे एकच ओळ लिहा : कुणाला काय हवंय, आडवं काय येतंय. संवाद मात्र आधी ठरवूच नका, पात्रं पाठ केल्यासारखी बोलतात.

काटेकोर राहायचं ते काळवेळेबाबत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. जुलैत ट्रॉलरवाल्यांशी समुद्रात भांडण रंगवलंत, तर किनाऱ्यावरचा वाचक तिथेच पुस्तक मिटेल. भरतीची वेळही रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. सलग दोन दिवसांच्या प्रसंगांत ती एकच ठेवू नका. तिथी, भरती आणि पात्रांची वयं वेगळ्या वहीत मांडून ठेवा.