पहाटे सर्व्हर अडकतो आणि सकाळी सगळं नॉर्मल, रात्रीचा डेटा कमांड लाईनवरून कसा काढायचा?

म्हणजे क्लाउडवरचा उबंटू सर्व्हर पहाटे २ ते ३ मधे रांगायला लागतो, सकाळी तुम्ही टॉप लावून बघता तर काहीच नाही, आणि ऑफिसात सगळे विचारतायत रात्री झालं काय. टॉप, एचटॉप ही मंडळी फक्त आत्ताचं सांगतात, त्यांना रात्रीचं विचारून काय उपयोग. तुम्हाला हवी ती कमांड सार, सिसस्टॅट पॅकेजमधे येते, दर १० मिनिटांनी सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क सगळ्याचे आकडे गुपचूप फाईलमधे टाकत बसते.

पण आधी ती चालू होती का ते बघा. उबंटूच्या बऱ्याच व्हर्जनमधे पॅकेज टाकलं तरी डेटा गोळा करणं बंदच असतं, ईटीसी मधल्या डिफॉल्ट फोल्डरमधे सिसस्टॅट नावाची फाईल आहे त्यात एनेबल्ड समोर फॉल्स लिहिलेलं असतं, ते ट्रू करून सर्व्हिस रीस्टार्ट करायची. बंद असेल तर कालच्या रात्रीचं विसरा, आता चालू करणं म्हणजे वरातीमागून घोडं, पण उद्याच्या रात्रीसाठी तरी करा.

चालू असेल तर व्हार, लॉग, सिसस्टॅट या फोल्डरमधे एसए१४, एसए१५ अशा तारखेच्या फाईली दिसतील (रेड हॅट, सेंटओएस वाल्यांकडे शेवटचं फोल्डर नुसतं एसए). आणि इथेच आपल्याकडची निम्मी जनता चुकीच्या फाईलमधे शोधत बसते. क्लाउडचे सर्व्हर बहुतेक यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळेवर असतात आणि आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे १५ तारखेची पहाटेची २ ही सर्व्हरच्या घड्याळात १४ तारखेची रात्रीची २०:३०. डेटा कालच्या फाईलमधे असणार! आधी डेट कमांड मारून सर्व्हरचं घड्याळ बघा, यूटीसी निघालं तर सकाळी ऑफिसला आल्यावर असं टाईप करायचं: सार, मायनस स्मॉल क्यू, मायनस १, मायनस एस २०:००:००, मायनस ई २२:००:००. मायनस १ म्हणजे कालची फाईल, एस आणि ई म्हणजे कुठून कुठपर्यंत. सेकंद पण लिहा, जुनी व्हर्जन त्याशिवाय ऐकत नाहीत.

मी सीपीयूच्या आधी क्यूच बघतो कारण त्यात लोड अ‍ॅव्हरेज (सरासरी किती प्रोसेस चालू आहेत किंवा रांगेत आहेत) येतो आणि शेवटी ब्लॉक्ड नावाचा कॉलम असतो, म्हणजे डिस्कसाठी अडकलेल्या प्रोसेस. लिनक्समधे डिस्कसाठी ताटकळत असलेल्या प्रोसेस पण लोडमधे मोजतात, त्यामुळे लोड १२ आणि सीपीयू निवांत असं आरामात होऊ शकतं. मग क्यूच्या जागी यू देऊन तीच कमांड परत मारा. आयओवेट (सीपीयू डिस्कची वाट बघत रिकामा बसलेला वेळ) वर असेल तर डिस्ककडे बघा, स्टील वर असेल तर तुमचा सीपीयू हायपरव्हायझर, म्हणजे एकाच मशीनवर अनेकांचे सर्व्हर चालवणारं क्लाउडवाल्यांचं सॉफ्टवेअर, दुसऱ्याला देतोय, तिथे तुमच्या कोडमधे कितीही शोधा काही मिळणार नाही. मेमरीसाठी आर, पण त्यात फ्री मेमरी कमी दिसली म्हणून घाबरू नका, लिनक्स उरलेली मेमरी कॅशला वापरतोच, केबीअव्हेल (खरोखर वापरता येईल एवढी मेमरी) हा कॉलम बघायचा. स्वॅपिंगसाठी, म्हणजे मेमरी कमी पडून डेटा डिस्कवर जातोय का ते बघायला, कॅपिटल डब्ल्यू.

एक लक्षात ठेवा, हे सगळे १० मिनिटांचे अ‍ॅव्हरेज आहेत, ३० सेकंद सीपीयू १०० टक्के गेला तर त्या ओळीत तो ५ टक्क्यांनीच वाढलेला दिसेल. असलं काही वाटत असेल तर सिसस्टॅटचा टायमर २ मिनिटांवर आणा, फाईल थोडी मोठी होईल एवढंच.

साहेबांना एक्सेलच पाहिजे असेल तर त्याच पॅकेजमधली एसएडीएफ कमांड मायनस डी देऊन चालवा, सेमीकोलनवाला आउटपुट मिळतो. फक्त सारचे ऑप्शन द्यायच्या आधी डबल डॅश लागतो, नाहीतर एसएडीएफ ते स्वतःचेच ऑप्शन समजते.

आणि नेमक्या कुठल्या प्रोसेसने घोळ घातला ते सार सांगणार नाही, त्यासाठी आजच एटॉप टाकून ठेवा, ते प्रोसेसनुसार हिस्टरी ठेवतं. तोपर्यंत क्रॉनमधे (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं) २०:३० च्या आसपास काय लावलंय ते बघा (२ वाजताचं नाही!), डेटाबेसचा बॅकअप निघायची शक्यता मला जास्त वाटते. नाहीच सापडलं तर आउटपुट इथे टाका, पण नुसता सीपीयूचा नको, क्यूचा पण.