भुलीतल्या उंदराचा रक्तप्रवाह मोजताना

तुझे आलेख पाहिले. उंदराची मिशी हलवल्यावर त्याच्या मेंदूतला रक्तप्रवाह जेमतेम वाढतोय, म्हणून तू तो मोजणाऱ्या लेझरला दोष देतोयस. आधी भुलीची वाफ सोडणाऱ्या व्हेपोरायझरचा आकडा बघ. भुलीचं औषध आयसोफ्लुरेन २ टक्क्यांवर आहे! हे औषध स्वतःच मेंदूतल्या रक्तवाहिन्या सैल करतं. त्या आधीच रुंदावल्या असतील तर चेतापेशींनी मागणी केल्यावर आणखी किती रुंदावणार? शिवाय पेशीही सुस्तावलेल्या. शस्त्रक्रिया संपली की मात्रा हळूहळू उतरव, पण दर वेळी पंजा चिमटून बघ. पाय आखडला तर पुन्हा वाढव. जिवाला वेदना होता कामा नये, तिथे तडजोड नाही.

मेडेटोमिडीन या दुसऱ्या गुंगीच्या औषधाचं उलट, त्याने वाहिन्या आकसतात. म्हणून दोन औषधांखालचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नकोस.

खरी गोम श्वासात आहे. भुलीत श्वास मंदावतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि त्याचा दाब पाऱ्याच्या १ मिलिमीटरने वाढला तरी मेंदूचा रक्तप्रवाह साधारण २ ते ४ टक्क्यांनी चढतो. सुरुवातीला माझी दोन महिन्यांची मोजमापं याच पायी वाया गेली. ज्याला मी औषधाचा परिणाम समजत होतो, तो साठलेल्या वायूचा होता. तेव्हा धमनीतलं रक्त तपास, गरज पडली तर व्हेंटिलेटर लाव. अंगाखाली गरम पॅड ठेवून तापमान ३७ अंशांवर धर. रक्तदाब दर पाच मिनिटांनी वहीत लिही, आणि भूल दिल्याची वेळसुद्धा.