‘रक्तात वात निघाला’ म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की आईची बोटं सकाळी तासभर आखडलेली असतात म्हणून रक्त तपासलं, रिपोर्टात ‘आरए फॅक्टर पॉझिटिव्ह’ आलं आणि मावशी सगळ्यांना फोनवर सांगतायत की ताईच्या रक्तात वात निघाला. तर हा वात म्हणजे संधिवात की आमवात, आणि फॅक्टरला मराठीत काय म्हणायचं.

आधी वाताचं. बोलताना आपण गुडघे झिजले तरी संधिवात म्हणतो आणि बोटं सुजली तरी संधिवातच. वैद्य हे वेगळं धरतात, झिजेचा तो संधिगत वात आणि सूज, जडपणा घेऊन येणारा तो आमवात. माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात आमवाताचं वेगळं प्रकरणच आहे, आम म्हणजे न पचलेलं, कच्चं राहिलेलं. रिपोर्टातलं ‘आरए’ म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, त्याला मराठीत आमवात लिहितात ते त्यामुळे, आणि मला ते पटतं, निदान गुडघेदुखीशी घोटाळा तरी होत नाही. गंमत बघा, ‘ऱ्हुमा’ हा ग्रीक शब्द वाहण्यावरून आलाय आणि आपला वातही ‘वा’ म्हणजे वाहणे या धातूवरूनच! पण ‘रक्त’ आणि ‘वात’ जोडलं की होतं वातरक्त, आणि तो आजार गाऊटच्या, म्हणजे युरिक ॲसिड साचून सांधे सुजतात त्याच्या जवळचा, तिथे युरिक ॲसिड बघतात. म्हणजे मावशींचं वाक्य ऐकून एखाद्या वैद्याला भलताच पेशंट डोळ्यासमोर येईल.

आता फॅक्टर. १९४० साली नॉर्वेच्या एरिक वॉलर यांना दिसलं की आमवाताच्या पेशंटच्या रक्तातल्या पाण्यामुळे, म्हणजे सीरममुळे, मेंढीच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात. असं करणारं ते नेमकं काय हे तेव्हा कळलं नव्हतं म्हणून नुसतं फॅक्टर, ‘काहीतरी आहे’ एवढ्याच अर्थाने. पुढे कळलं की ते प्रतिपिंड (अँटिबॉडी) आहे, आपल्याच दुसऱ्या प्रतिपिंडांना जाऊन चिकटणारं. त्यामुळे ‘संधिवाताचा घटक’ हे भाषांतर मला चुकीचं वाटतं, घटक म्हटलं की आजार ज्याचा बनलाय तो पदार्थ असं ऐकू येतं. फॅक्टरच म्हणा, किंवा ‘आमवाताची खूण’ म्हणा. मार्कर या शब्दालाही खूण हाच साधा शब्द आहे.

माझी खरी हरकत आहे ती ‘निघाला’ला. मुतखडा निघतो, जंत निघतात, जे आत होतं तेच बाहेर आलं. इथे आजार नाही सापडला, खूण सापडली. ही खूण हेपॅटायटिस सी असलेल्यांत, काही धडधाकट म्हाताऱ्या माणसांतही दिसते, आणि उलट आमवात असलेल्या बऱ्याच जणांत दिसतच नाही. आमच्या आत्याचा फॅक्टर निगेटिव्ह आला, घरात सगळे म्हणाले वात नाही निघाला, आणि बोटं सुजलेली असताना तिने आठ महिने नुसत्या तेलावर काढले. एका क्रियापदाने एवढं केलं, म्हणून हे जीव तोडून लिहितोय.

त्याच रिपोर्टात ‘अँटी-सीसीपी’ हे दुसरं प्रतिपिंड असेल तर ती आमवाताची जास्त नेमकी खूण. त्यातला एक ‘सी’ सिट्रुलिन या अमिनो आम्लाचा, आणि हा शब्द कलिंगडाच्या लॅटिन नावावरून, सिट्रुलसवरून आलाय कारण ते पहिल्यांदा कलिंगडातून वेगळं केलं होतं. आईचं कलिंगड बंद करू नका, खाण्याशी याचा संबंध नाही.

रक्ताच्या ईएसआर आणि सीआरपी या टेस्ट मात्र आमवाताच्या खुणा नव्हेत, त्या शरीरात दाह किती चाललाय ते सांगतात, साध्या इन्फेक्शननेही वाढतात. ईएसआरला मी ‘साका बसायचा वेग’ म्हणतो. उभ्या नळीत रक्त ठेवायचं आणि तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजायचं. दाह असला की पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात, जड होतात आणि भराभर खाली जातात. औषध लागू पडतंय का हे बघायला डॉक्टर परत परत सांगतात त्या या दोन टेस्ट, फॅक्टर सहसा परत करत नाहीत.

तर मावशींना म्हणावं, ‘ताईच्या रक्तात आमवाताची खूण दिसलीय, आता डॉक्टर सांधे बघून सांगतील.’