पाच हजारात हॉरर शॉर्टफिल्म : रक्त, जखम, भूत सगळं कॅमेऱ्यासमोर कसं करायचं?

तुमचा प्रश्न असा की तुम्ही सहा कॉलेजचे पोट्टे, गाव नागभीडकडचं, एक बरा मोबाईल, पाच हजार रुपये, आठ-दहा मिनिटांची हॉरर फिल्म करायची आणि व्हीएफएक्स, म्हणजे कॉम्प्युटरवरचे इफेक्ट, कोणालेच येत नाही. होते भाऊ, पाच हजारात मस्त होते. मी ब्रह्मपुरी भागातला, आमच्या ग्रुपमध्ये मेकअप आणि प्रॉपचं काम माझ्याकडे असते, म्हणून जे हातानं केलं तेच सांगून राहिलो.

पहिले एक ठरवा. अख्ख्या फिल्ममध्ये मोठा इफेक्ट एकच ठेवा आणि गोष्ट त्याच्याभोवती लिहा. सहा इफेक्ट अर्धे-कच्चे केले की बघणारा हसते, एक नीट केला की तो खुर्चीत मागे सरकते. बाकी सगळं काम आवाज आणि अंधार करते.

तो एक इफेक्ट कोणता, तर माझं मत हळदीच्या कपड्याचं. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होते हे घरोघरी माहीत आहे, तेच वापरायचं. जुनं पांढरं सुती पातळ, म्हणजे लुगडं, घ्या, नवं घेतलं तर आधी धुवा कारण नव्या कापडाची खळ हळद नीट चढू देत नाही. कोमट पाण्यात हळद कालवून त्यात बुडवा, सावलीतच वाळवा, उन्हात हळद उडते. मग ते दोरीवर टांगा, नवरीच्या हळदीचं पातळ म्हणून. एका कपात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा, पडद्यामागच्या पोट्ट्यानं त्यात पंजा बुडवायचा, चांगला झटकायचा आणि मागून कापडावर दाबून धरायचा. समोरून पिवळ्या कापडावर हळूहळू पाच बोटं उमटतात, वाळल्या रक्तासारख्या तपकिरी-लाल रंगाची, आणि हे सगळं एका शॉटमध्ये, कट न करता. हात जास्त ओला असला तर बोटं पसरून नुसता डाग दिसते, म्हणून झटकणं महत्त्वाचं. नंतर लिंबाचं पाणी स्प्रेनं मारलं की लाल परत पिवळं होते, म्हणजे पंजा गायबही करता येते. सोड्याचा हात लगेच धुवा आणि डोळ्याला लावू नका. आणि मोबाईलचं व्हाइट बॅलन्स (रंग पिवळसर-निळसर करायचं सेटिंग) लॉक करा, नाहीतर पूर्ण पिवळी फ्रेम पाहून फोन स्वतःच रंग बदलत राहते. भोंदू बाबा लिंबू कापून रक्त काढतात ना, अंधश्रद्धा निर्मूलन समितीवाले (अंनिस) शाळेत येऊन तो प्रयोग फोडून दाखवतात, त्यातही असाच आंबट-खाराचा खेळ असते. फरक एवढाच की आपण पिक्चर म्हणूनच दाखवतो.

आता रक्त. बाजारातला लाल रंग नुसता पाण्यात टाकला तर एलईडीत तो गुलाबी दिसते, सरबत वाटते. एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी, चिकट होईपर्यंत उकळा, उतरवताना लिंबाचे दोन थेंब टाका म्हणजे साखरेचे परत दाणे होत नाही. त्यात खाण्याचा लाल रंग, चिमूटभर कॉफी पावडर आणि काडीच्या टोकावर येईल इतकाच निळा खाण्याचा रंग. दाट पाहिजे तर कॉर्नफ्लॉवरची पातळ खळ मिसळा. तोंडात घ्यायचं रक्त हेच, त्यात कुंकू, पोस्टर कलर काहीच टाकायचं नाही. अंगावर-कपड्यावर सांडायचं असेल त्या वेगळ्या वाटीत भांडे घासायच्या लिक्विडचे थेंब टाका, डाग निघायले सोपं जाते. साखरेवर मुंगळे येतातच, शॉट झाला की लगेच पुसा. मनगटातून रक्त वाहताना दाखवायचं तर मेडिकलमधून नवी सलाईनची नळी आणि बिनसुईची मोठी सिरिंज आणा, नळी बाहीतून घ्या, रक्त जरा पातळ करा, दाबणारा फ्रेमबाहेर.

जखमेसाठी मैदा आणि व्हॅसलीन मळून पुटीसारखं करा, कातडीवर चिकटवून कडा बोटानं इतक्या पातळ करा की शेवट कुठं होते ते दिसलं नाही पाहिजे, मग चमच्याच्या दांड्यानं मधात चीर पाडा, चिरेच्या आत गडद रंग, कडेले लालसर, वरून फाउंडेशन. सगळी मेहनत कडांवर करा, चीर कोणीही पाडते. जिलेटिन आणि ग्लिसरीनच्या जखमा व्हिडिओत छान दिसतात पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या वर जाते, ते गालावरून ओघळते, ते हिवाळ्यातच करा. कोणालाही काही लावण्याआधी कोपराच्या आत थोडं लावून पाहा, खाज आली तर सोडा. विळा-कुऱ्हाड खरी वापरू नका, सनबोर्ड (बॅनरचा हलका जाड बोर्ड) कापून चंदेरी रंग द्या, रात्री कोणाला कळत नाही.

पाळणा हलवायचा, दार लोटायचं तर मासे धरायची तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, बांधून ओढा. ती चमकते म्हणून काजळीनं पुसून घ्या.

लाइटसाठी ट्रॅक्टर कोणाकडे तरी असतेच, त्याचा हेडलाइट पात्राच्या मागे, झाडाआड ठेवा, समोरून काहीच नाही, मग चेहरा काळा आणि कडा उजळ. मधात थोडा धूर असला की उजेडाच्या रेषा दिसतात, त्यासाठी गोवरीच्या निखाऱ्यावर ऊद किंवा कडुनिंबाचा पाला. पण तणसीजवळ (धानाच्या वाळल्या काडाजवळ), कापलेल्या धानाच्या पुंजण्याजवळ धूर-विस्तव अजिबात नाही, पुंजणे जळून वर्षाची मेहनत गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच, पाण्याची बादली बाजूले पाहिजेच. घरातल्या एलईडीत फ्लिकर (उजेडाची लुकलुक) येऊ नये म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50, आणि फोनचा नाइट मोड बंद.

आवाजावर मी खरंच जोर देईन. गावची रात्र फुकटात मिळते, तिचे रातकिडे दुसऱ्या फोनवर पाच मिनिटं नुसते रेकॉर्ड करून ठेवा, कोणी बोलायचं नाही. पूर्ण फिल्मभर ते खाली चालू द्या आणि पंजा उमटायच्या दोन सेकंद आधी एकदम बंद करा. म्युझिक टाकायची गरज राहत नाही. हाड मोडल्याच्या आवाजासाठी वाळलेली तुराटी ओल्या कपड्यात गुंडाळून मोडा, फोन अगदी जवळ धरून.

मेकअप शिकायचा तर यूट्यूबच्या आधी आपल्या झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या नाटकांच्या, रंगभूषावाल्याकडे जा. दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) लागली की वडसा-देसाईगंजच्या कंपन्या गावोगावी रात्रभर नाटकं करतात, पडद्यामागे ते लोक थोड्या वेळात म्हातारा, राक्षस, जखमी शिपाई उभा करतात. परशुराम खुणेंना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीच्या कामासाठी. एवढी मोठी विद्या अर्ध्या तासाच्या अंतरावर असताना आपले पोट्टे अमेरिकेचे व्हिडिओ पाहून लेटेक्स मागवतात, याचं मला वाईट वाटते. आदरानं विचारा, शिकवतात.

गोष्टीबद्दल एक विनंती, करणी करणारी म्हातारी, जादूटोणा करणारी विधवा असं पात्र घेऊ नका. 2021 मध्ये आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला, जादूटोण्याच्या संशयावरून वयस्कर बायामाणसांना बांधून मारलं. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा असूनही हे झालं. तुमची फिल्म गावच्या व्हॉट्सअॅपवर फिरेल, कोणाच्या आजीकडे बोट जायला नको. त्यापेक्षा चकवा, म्हणजे वाट चुकवणारं भूत, घ्या. माणूस चालत राहते आणि पुन्हा त्याच झाडाशी येते, झाडाला तेच पिवळं पातळ बांधलेलं, खर्च शून्य.

सरपंच आणि पोलीस पाटलाला आधी सांगून ठेवा, रक्तानं माखलेला पोरगा रस्त्यावर पाहून लोक धावतात. आणि नागभीड-सिंदेवाही-ब्रह्मपुरी पट्ट्यात वाघ आहे, रात्री जंगलाकडेच्या बांधीत (धानाच्या शेतात) शूट करायचंच नाही, कितीही जण असले तरी. रात्रीचे शॉट घरात किंवा वाड्यात घ्या. बाहेरचे सगळे शॉट गावालगतच, दिवस मावळल्याबरोबर, पंधरा-वीस मिनिटांत उरका, एक्सपोजर (उजेडाचं सेटिंग) खाली ओढा, व्हाइट बॅलन्स 3200 केल्विनच्या आसपास ठेवा, सगळं निळसर होऊन रात्रच वाटते. तेवढ्या वेळात सगळं घ्यायचं तर दुपारी त्याच जागेवर रिहर्सल करून प्रत्येकाच्या पायाची जागा चुन्यानं आखून ठेवा.