शंका-समाधान : ४२९ कोटींची संख्या

प्रश्न : ४,२९,४९,६७,२९७ ही मूळ संख्या आहे का? १०० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं, एकदाही निःशेष भाग गेला नाही.

उत्तर : मूळ नाही, तुम्ही लवकर थांबलात! हिचं वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित वर आहे, म्हणजे नियमाने तिथवर जायला हवं. पण एवढी हमाली नको. ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. फर्मा या गणितज्ञाला अशा (३, ५, १७, २५७, ६५,५३७ या माळेतल्या) सगळ्याच संख्या मूळ वाटत होत्या. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने हिचा विभाजक काढून तो समज मोडला.

हिचा मूळ विभाजक १२८ च्या पटीपेक्षा १ ने जास्तच असावा लागतो. १२९, ३८५, ५१३ मूळ नाहीत. २५७ ने बाकी २ उरते. पुढची ६४१, आणि तिनेच भाग जातो.

आठ अंकी कॅल्क्युलेटरवर ही संख्या मावत नाही, तेव्हा कागदावरच ६४१ ने भागा. ४२९४ ला ६ चा भाग, बाकी ४४८. ४४८९ ला ७ चा, बाकी २. आता ६ उतरवला की २६, मग २६७. दोन्ही वेळा भागाकारात शून्य लिहायचं. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं आणि उत्तर ६७,४१७ येतं. बरोबर भागाकार ६७,००,४१७. तो मात्र मूळ आहे : १२८ चा तोच नियम त्यालाही लागू, म्हणून त्याच्या वर्गमूळापर्यंतच्या ६४१, ७६९, ११५३, १४०९ एवढ्याच चार संख्यांनी तपासा, पुरतं.